तीन पाण्यांची कावीळ

पाणी पिवळं झालं आणि धान्याच्या गोदामासमोर दाटीवाटीने बसलेल्या दीडशे माणसांच्या तोंडून एकदम ‘आहा’ निघालं.

एनॅमलची पांढरीशुभ्र परात, शेजारी काठोकाठ भरलेला तांब्या. पाणी असं नितळ, की तांब्याचा तळ दिसावा. मांडीवर कुणाचंतरी पाच दिवसांचं पोर. पाणीकाकांनी दोन्ही तळहात एकमेकांवर चोळले, पोराच्या दंडांवरून, पोटऱ्यांवरून वरून खाली फिरवले आणि ते मूठभर पाय परातीवर धरून तांब्यातली धार सोडली. तांब्यातून निघताना पाणी पाण्यासारखंच होतं. पायांवरून ओघळून परातीत पडलं तेव्हा पिवळंजर्द झालेलं होतं.

“निघाली!” काका म्हणाले. “पण कुठली निघाली? कातडीतली. उद्या मांसातली निघेल, परवा हाडातली. कावीळ तीन मजल्यांवर राहते, बाबांनो. डॉक्टर काय करतो? सुई टोचतो. सुई कुठवर जाते? पहिल्या मजल्यावर! हाडापर्यंत जाणारी सुई पाहिलीय का कुणी?”

कुणी पाहिली नव्हती. मी पाहिली होती, पण मला कुणी विचारलं नाही.

पाणीकाका दिसायला भोंदू नव्हते, हीच मोठी पंचाईत होती. दाढी नाही, माळा नाहीत, डोळे गरगर फिरवणं नाही. इस्त्रीचा शर्ट, कापलेली नखं, मऊ आवाज. निवृत्त हेडक्लार्क वाटावा असा माणूस. कुणाकडून पैसाही घेत नसत. “लेकरांच्या दुखण्याचा पैसा पचत नाही,” म्हणायचे. मग त्यांना मिळत काय होतं? मला वाटतं, ते ‘आहा’. दर बैठकीला दीडशे माणसांचं ‘आहा’ ज्याला मिळतं, त्याला पैशाची काय गरज!

मी त्या भागातल्या आरोग्य उपकेंद्राची नर्स. दोन खोल्या, एक वजनकाटा, एक बाक, आणि माझ्या ताब्यात चार गावं. मोठा दवाखाना गाडीने दोन तासांवर. एकटीच्या पायांनी चार गावं होत नाहीत, म्हणून मी त्या गावात बायकांचा गट उभा केला होता. अकरा जणी होत्या. आम्ही त्यांना सोबतिणी म्हणायचो. बाळंतीण घरी आली की पहिले दहा दिवस रोज एक जण तिच्याकडे जायची. काम साधं होतं: साबणाने हात धुवायचे, बाळाला उजेडात उघडं करून पाहायचं, दूध ओढतंय का बघायचं, आईला ताप आहे का, रक्त फार जातंय का विचारायचं, आणि काही वावगं वाटलं तर मला फोन करायचा. चार वर्षांत त्या बायकांनी किती लेकरं वाचवली ते कुणी मोजलं नाही. वाचलेल्या लेकरांसाठी कोण ‘आहा’ म्हणतं?

या अकरा जणींची म्होरकी होती शिवणबाई. गावातलं एकमेव शिलाई मशीन तिचं. वय पन्नाशीचं, चष्मा दोऱ्याने बांधलेला, जीभ कात्रीसारखी. कावीळ कशी ओळखायची ते मी तिलाच सगळ्यात आधी शिकवलं होतं आणि तिने बाकीच्या दहा जणींकडून घोटून घेतलं होतं. “तोंड पिवळं, थांबून बघ. पोट पिवळं, सिस्टरला सांग. तळपाय पिवळे, दवाखाना गाठ.” गावातल्या बाळंतिणींना हे पाठ होतं.

आणि तिच्याच घरात नात झाली तेव्हा ती पाणीकाकांकडे गेली.

का गेली, हे मी तिला नंतर विचारलं. तिने सांगितलं ते ऐका, कारण वेड्या माणसाचं उत्तर नव्हतं ते. ती म्हणाली, “मागच्या खेपेला एका बाळंतिणीला घेऊन मी मोठ्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरने सगळ्यांदेखत विचारलं, तू कोण? मी म्हटलं, सोबतीण. तो हसला. म्हणाला, बाहेर बस. सहा तास बाहेर बसले, सिस्टर, कुणी येऊन एक शब्द सांगितला नाही. इथे काका मला ताई म्हणाले. नातीला मांडीवर घेतलं. आणि पाणी माझ्या डोळ्यांसमोर पिवळं झालं.”

सून होती रंगाऱ्याची लेक. बाप कापड रंगवायचा. कढया, पिंपं आणि ओली दोरी यांतच ती वाढलेली. वय एकवीस, पहिलंच बाळंतपण, स्वभावाने मुकी. मुलगी झाली, तिसऱ्या दिवशी पिवळी दिसायला लागली. चौथ्या दिवशी पहिलं पाणी.

काकांच्या उपचाराला एक पथ्य होतं. तीन दिवस आईचं दूध बंद. “आईच्या दुधातूनच पिवळेपणा जातो पोरात. विहिरीत घाण असेल तर आधी उपसा थांबवायचा की नाही?” लोकांनी माना हलवल्या. विहिरीचा आणि आईचा काय संबंध, हे विचारायला मान हलवायची थांबवावी लागते. तीन दिवस त्या पोरीला चमच्याने साखरपाणी पाजलं. रंगाऱ्याची लेक मोरीत बसून दूध पिळून टाकायची. काविळीच्या बाळाला सगळ्यात जास्त गरज असते ती दुधाचीच. दूध पोटात जातं, शी होते, पिवळेपणा उतरतो. काकांनी नेमकं तेच दार बंद केलं.

आता माझं सांगते. पाचव्या दिवशी मी त्या घरी गेले होते. शिवणबाई दारातच उभी होती.

“उतरतंय, सिस्टर. कालच्यापेक्षा आज पाणी फिकं आलं. उद्या शेवटचं.”

“बाळ दूध घेतंय?”

“झोपलंय. किती शांत झोपलंय बघा.”

मी उंबऱ्यातून आत पाहिलं. खोलीत अंधार होता, खिडकीवर चादर टाकलेली. बाळ गुंडाळलेलं, नाकाचा शेंडा तेवढा दिसत होता. त्यादिवशी मला अजून दोन गावं करायची होती, ऊन तापलं होतं, आणि शिवणबाईशी वाद घालायचा म्हणजे तासाची निश्चिंती. शिवाय मनात आलं, हिला मीच शिकवलंय, हिला कळतं. मी उंबऱ्यातून परत फिरले. पाच दिवसांचं बाळ ‘शांत’ झोपणं म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं. त्यासाठीच पगार मिळतो मला.

सहाव्या दिवशी तिसरं पाणी झालं. परातीत पडलेलं पाणी स्वच्छ, एक थेंबही पिवळा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिवणबाईने काकांच्या पायावर डोकं ठेवलं. मांडीवरची पोरगी त्या वेळी तळपायापर्यंत पिवळी होती, पण तिच्याकडे कोण पाहतंय! सगळ्यांच्या नजरा परातीत.

सातव्या दिवशी सकाळी फोन आला. सुनेचा होता. आयुष्यात पहिल्यांदाच तिने मला फोन केला होता. “सिस्टर, ती धनुष्यासारखी वाकतेय. रडतेय, पण आवाज तिचा नाही.”

दवाखान्यात तिला प्रखर उजेडाखाली ठेवलं, अंगातलं रक्त बदललं. जीव वाचला. पण काविळीचं विष मेंदूपर्यंत गेलं की तिथून ते काढता येत नाही. ना सुईने, ना पाण्याने. तिसऱ्या महिन्यात दोन गोष्टी कळल्या. पोरीला ऐकू येत नव्हतं. आणि ती मान कधी धरेल, हे कुणी सांगू शकत नव्हतं.

तुम्हाला वाटेल, आता तरी गावाचे डोळे उघडले असतील. छे! काकांकडे उत्तर तयार होतं. “मी स्वच्छ करून दिली होती. पाणी सगळ्यांनी पाहिलं. नंतर दवाखान्यात नेली, सुया टोचल्या, रक्त काढलं. त्यांनी बिघडवली.” गावाला ते पटलं, कारण तसं पटवून घेतलं की आपण कुणी टाळ्या वाजवल्या ते विसरता येतं. माझ्या सोबतिणींपैकी सात जणी गळाल्या. बाळंतिणींची दारं मला बंद होऊ लागली. एका आजीने तोंडावर सांगितलं, “तुमचा हात लागला की पोरं बिघडतात, सिस्टर.”

आणि शिवणबाई? तिने नातीला पुन्हा काकांकडे नेलं! माणूस चुकतो तेव्हा चूक मान्य करण्यापेक्षा तीच चूक पुन्हा करणं त्याला सोपं जातं.

सूनही बरोबर गेली होती. काकांनी पोरीला पाहिलं, सुस्कारा सोडला, म्हणाले, “बघू. सेवा करा, श्रद्धा ठेवा.” सेवा म्हणजे सुनेने काकांचे टॉवेल धुवायचे. सकाळची वेळ, अजून एकाही बाळाला पाणी झालं नव्हतं. काका आतल्या खोलीतून हात पुसत आले, टॉवेल तिच्याकडे टाकला. टॉवेल पांढरा होता, कुठे डाग नाही. तिने नळाखाली धरला, धुण्याचा साबण लावला, आणि टॉवेल पिवळा झाला.

दुसऱ्या कुणी ‘आहा’ म्हटलं असतं. ही रंगाऱ्याची लेक. तिने बापाच्या कढयांत शंभरदा पाहिलं होतं की काही रस नुसते असताना रंगहीन असतात. त्यांत चुना, सोडा, साबण असलं काही क्षाराचं पडलं की रंग उमलतो, आंबट पडलं की उतरतो. तिने टॉवेलची कड दातांनी फाडली, कमरेला खोचली आणि पोरीला खांद्यावर घेऊन दीड कोस चालत माझ्याकडे आली.

“सिस्टर, लिंबू आहे?”

मी जेवणाच्या डब्यातली फोड काढून दिली. चिंधीवर रस पिळला. पिवळा रंग डोळ्यांदेखत गेला. साबण लावला, पुन्हा आला.

ती म्हणाली, “आज कुठल्याच बाळाला हात लावला नव्हता त्यांनी. मग ही कावीळ कुणाची?”

मी चिंधी उजेडात धरली.

“आंब्याची अंतरसाल असणार. बाबा वापरायचे,” ती म्हणाली. “साल भिजवून तिचं पाणी हाताला चोळायचं. वाळलं की दिसत नाही. आणि तांब्यात पाणी नाही, चुन्याची निवळी आहे. चुना विरघळवून ठेवायचा, खाली बसू द्यायचा, वरचं नितळ ओतून घ्यायचं. पाण्यासारखंच दिसतं. दोन्ही एकत्र आले की पिवळं. पहिल्या दिवशी हाताला रस जास्त, दुसऱ्या दिवशी कमी, तिसऱ्या दिवशी काहीच नाही. माझ्या पोरीच्या पायांची सालपटं निघाली होती. मला वाटलं, कावीळ निघतेय. चुना होता तो.” ती रडली नाही. मला वाटलं, रडली असती तर बरं.

पुढच्या बैठकीला आम्ही दोघी गेलो. पटांगण तसंच भरलेलं. शिवणबाई पहिल्या रांगेत. टेम्पोवाल्याची बायको पदराखाली चार दिवसांचा मुलगा घेऊन काकांसमोर बसलेली, आणि टेम्पोवाला मागे हात जोडून उभा. काका आतल्या खोलीतून आले, टॉवेल खांद्यावर, तळहात पुढे केले.

रंगाऱ्याची लेक उठली. चार माणसांत कधी न बोललेली पोर, पण आवाज कापला नाही तिचा.

“काका, एक मिनिट. आमच्या सोबतिणींचा नियम आहे, साबणाने हात धुतल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही. तुम्हीही धुवा.”

“धुतलेत बेटा, आतून धुऊनच आलो.”

“आमच्यासमोर धुवा. साधं हात धुवायचंच तर आहे.”

लोकांत कुजबुज झाली. “धुवा की काका,” कुणीतरी म्हणालं, “त्यात काय!” खरंच, त्यात काय? नाही म्हणायला कारण सापडेना. मी नळावरच्या पाण्याची बादली पुढे ठेवली आणि धुण्याचा साबण दिला. काकांनी साबणाला बोटं लावल्यासारखं केलं. तिने त्यांचं मनगट धरलं आणि खसखसून साबण चोळला. पाणी मी ओतलं.

काकांच्या हातांवरून पिवळीजर्द धार परातीत पडली.

ती म्हणाली, “अगंबाई! काका, कावीळ तुम्हालाच झालीय की!”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. पण काका कच्च्या गुरूचे चेले नव्हते. दोन क्षणांत त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“झालीच आहे, बाळांनो. शेकडो लेकरांची कावीळ या हातांनी अंगावर घेतली. जाईल कुठे ती? माझ्याच अंगात मुरली!”

आणि तुम्हाला खोटं वाटेल, माना हलल्या! दोन-तीन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. त्या क्षणी मला वाटलं, संपलं. या लोकांना सूर्य दाखवला तरी ते म्हणतील, काकांनी कंदील लावलाय.

पण तिने पिशवीतून एक वरवंटा काढला. घरातला, रोजच्या वाटणाचा. घरून आणलेल्या बाटलीतला सालीचा रस त्याला चोळला, पदराने वारा घालून वाळवला. मग परात रिकामी केली, काकांचाच तांब्या उचलला आणि वरवंट्यावर धार धरली. परात पिवळी झाली. तिने वरून लिंबू पिळलं. पाणी फिकं पडत पडत स्वच्छ झालं.

“या वरवंट्याने कुणाची कावीळ अंगावर घेतली होती?” तिने विचारलं. “हा किती मजली आहे, काका? याच्या हाडापर्यंत कधी पोचणार तुम्ही?”

आता हसू पसरलं, आणि हशाबरोबर रागही. काही जण उठले. काका टॉवेल सावरत म्हणाले, “विद्येची चेष्टा केलीत, भोगाल,” पण आवाजाचा मऊपणा गेला होता.

या गोंधळात शिवणबाई उठलेली मी पाहिली. ती काकांकडे गेली नाही, सुनेकडेही गेली नाही. टेम्पोवाल्याच्या बायकोसमोर उकिडवी बसली, मुलाचं पांघरूण सोडलं, त्याला उन्हात उघडं केलं. अंगठ्याने कपाळ दाबलं, मग छाती, मग पोट, मग तळपाय. दाबून सोडलेल्या जागी तळपायावरसुद्धा पिवळा ठसा उमटला.

“दूध कधी घेतलं याने?”

“काल... काकांनी बंद सांगितलंय.”

“आत्ता पाज. गाडीत पाज,” शिवणबाई म्हणाली. टेम्पोवाल्याकडे वळून ओरडली, “हात काय जोडतोस? गाडी काढ! मला नियम माहीत होता. दहा जणींना मी शिकवला होता. आणि माझ्या नातीचे तळपाय मी पाहिले नाहीत. परात पाहत बसले.” एवढं बोलून ती टेम्पोत चढली. दवाखान्यात या वेळी तिला कुणी बाहेर बस म्हटलं नाही, कारण बरोबर मी होते. आणि मी नसते तरी ती बसली नसती.

तो मुलगा दोन दिवस उजेडाखाली राहिला आणि चांगला होऊन घरी आला. त्याच्या घरी पेढे वाटले नाहीत, आम्हाला कुणी बोलावलं नाही. लाज वाटत असावी. चालेल.

काकांचं काय झालं? तक्रार झाली, जबाब झाले. पैसा घेतला नव्हता, औषध दिलं नव्हतं, ‘मी फक्त पाय धुतले’ असं त्यांनी लिहून दिलं. आता ते नदीपलीकडच्या भागात असतात असं ऐकते. तिथे परात नवी घेतली असेल. आमच्या गावात अजूनही काही जण म्हणतात, “काहीही म्हणा, काकांच्या पाण्याने माझा नातू बरा झाला.”

झालाच असेल. काकांची खरी युक्ती साल आणि चुना नव्हतीच. ती पुढे आहे, नीट ऐका. जन्मलेल्या निम्म्याहून जास्त बाळांना पहिल्या आठवड्यात थोडी कावीळ होते आणि बहुतेकांची आपोआप जाते. दूध पाजत राहिलं की पुरतं. ती बरी होणारी सगळी बाळं काकांनी आपल्या नावावर केली. जे एखादं बरं होणारं नव्हतं, ते दवाखान्याच्या नावावर, नाहीतर आईच्या कमी श्रद्धेच्या नावावर. असा धंदा कुणालाही करता येईल. आणि त्या एखाद्या बाळाला वाचवायला जे दोन-तीन दिवस हातात असतात, तेच नेमके तीन पाण्यांत वाहून जातात.

सोबतिणी आता आठ आहेत. रंगाऱ्याची लेक त्यांच्यात आहे. ती घरोघर जाते, पोरीला घेऊनच. पोरगी आता अडीच वर्षांची आहे, अजून बसत नाही, हाक मारली तर वळत नाही. सून तिला बाळंतिणीच्या शेजारी गादीवर निजवते आणि मग बोलायला सुरुवात करते. मी एकदा म्हटलं, “अगं, तिला कशाला आणतेस? तुला त्रास होतो.” ती म्हणाली, “मी बोललेलं विसरतील, सिस्टर. हिला पाहिलेलं विसरणार नाहीत.”

म्हणून माझी विनवणी साधी आहे. कुणी तुम्हाला चमत्कार दाखवला तर त्याला म्हणा, आधी साबणाने हात धू आणि मग दाखव. बाळ जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत पिवळं दिसलं, तळहात-तळपायांपर्यंत पिवळेपणा उतरला, ते दूध ओढेना, फार झोपायला लागलं, तर कुणाची वाट पाहू नका, उजाडायचीसुद्धा नाही. आणि माझ्यासारखं कुणी उंबऱ्यातून परत फिरत असेल तर त्याला हाताला धरून आत ओढा, खिडकीवरची चादर काढा. पाणी पिवळं झालं का, ते पाहू नका. बाळ पिवळं आहे का, ते पाहा.